डेप्रिडेशन : परमुलखातील लूट

'डेप्रिडेशन' म्हणजे लूटमार, लुटून उजाड करणे. लॅटिन भाषेतील 'प्रेडा' (लूट) या शब्दापासून तो आला. १८६०च्या भारतीय दंडविधानाच्या इंग्रजी संहितेत कलम १२६मध्ये तो योजलेला होता. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम १५४मध्ये आढळतो. ५ किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा. येथे मात्र संख्येपेक्षा स्थळ महत्त्वाचे. भारताशी शांततेचे संबंध असलेल्या परराष्ट्राच्या प्रदेशातील लूटच या कलमाखाली येते. तिची नुसती तयारीही गुन्हा ठरते. ७ वर्षांपर्यंत कैद आणि दंड, शिवाय लुटीसाठी वापरलेली वा लुटीतून मिळालेली मालमत्ता सरकारजमा करण्याची तरतूद आहे.