नदीवाचूनचा पूल : इसाहायाचे चष्मेवजा स्मारक

जपानच्या क्यूशू बेटावर, नागासाकीच्या ईशान्येस इसाहाया हे टुमदार शहर आहे. शहराच्या मध्यभागी टेकडीच्या पायथ्याशी एक छोटेखानी उद्यान असून त्यातील तळ्यावर दोन कमानींचा एक दगडी पूल उभा आहे. पाणी संथ असले की कमानी आणि त्यांचे प्रतिबिंब मिळून दोन पूर्ण वर्तुळे दिसतात. त्यावरूनच या पुलाला ‘मेगानेबाशी’, म्हणजे चष्म्याचा पूल, हे नाव पडले. एवढा भक्कम पूल इतक्या लहानशा तळ्यावर कशासाठी बांधला, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडल्यावाचून राहत नाही. मुळात हा पूल तळ्यासाठी बांधलेलाच नव्हता.

कधीही न कोसळणारा पूल

इसाहायातून वाहणारी होनम्यो ही लांबीने लहान, पण उताराने तीव्र नदी. डोंगरातून निघून ती अल्पावधीत शहरात पोहोचते. पूर्वी तिच्यावरील पूल पुरात वारंवार वाहून जात आणि लोकांना पात्रातील दगडांवरून पावले टाकत पलीकडे जावे लागे. यावर कायमचा उपाय म्हणून १८३९ मध्ये दगडी पूल बांधून पूर्ण करण्यात आला. नागासाकी येथे १६३४ मध्ये बांधलेला याच नावाचा पूल बांधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होता. सुमारे ४९ मीटर लांब आणि साडेपाच मीटर रुंद असा हा पूल कधीही कोसळू नये, या निर्धाराने उभारला गेला आणि शंभरहून अधिक वर्षे तो त्या निर्धाराला जागला.

ताकद हाच दोष

२५ जुलै १९५७ रोजी या भागात अभूतपूर्व पाऊस झाला. शेजारच्या सैगो येथे चोवीस तासांत ११०० मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली. रात्री होनम्योला आलेल्या पुरात इसाहायातील पाचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली वा बेपत्ता झाली. पूल मात्र उभा राहिला, आणि नेमके हेच घातक ठरले. डोंगरातून वाहून आलेले वृक्ष आणि पडलेल्या घरांची लाकडे कमानींत अडकली, पुलाचे जणू धरण झाले आणि तुंबलेले पाणी वस्तीत शिरले. पूल वाहून गेला असता तर हानी कमी झाली असती, अशी भावना शहरात बळावली.

पुढे नदीचे पात्र रुंद करण्याचे ठरले आणि पूल त्या कामाच्या आड आला. तो पाडून टाकावा, असा विचार पुढे येणे स्वाभाविकच होते. आप्त गमावलेल्यांना त्याचे जतन करावे असे सांगणे सोपे नव्हते. अखेर मधला मार्ग निघाला. १९५८ मध्ये पुलाला ‘महत्त्वाची सांस्कृतिक संपदा’ हा राष्ट्रीय दर्जा मिळाला. असा मान मिळवणारा हा जपानमधील पहिला दगडी पूल होय. त्यानंतर पुलाचा एकेक दगड उतरवून तो जवळच्या उद्यानात पुन्हा रचण्यात आला. त्यापूर्वी एकपंचमांश आकाराची प्रतिकृती बांधून जुन्या रचनेचा अभ्यास केला गेला. १९६१ मध्ये हे काम पूर्ण झाले.

नागासाकीचा वेगळा निर्णय

हाच पेच पुढे नागासाकीपुढेही उभा राहिला. २३ जुलै १९८२ च्या अतिवृष्टीत तेथील नाकाशिमा नदीवरील अनेक जुने दगडी पूल वाहून गेले आणि १६३४ च्या पुलाचीही मोडतोड झाली. तो अन्यत्र हलवावा काय, यावर बरीच चर्चा झाली. अखेर पूल जागेवरच दुरुस्त करून पुराचे पाणी वळवण्यासाठी नदीच्या बाजूने भूमिगत मार्ग काढण्यात आले. तेथे पुलासाठी पाण्याला नवी वाट दिली, तर इसाहायाने पाण्यासाठी पुलाला नवी जागा दिली. दोन्ही शहरांनी वारसा आणि माणसांचे प्राण यांपैकी एकच निवडण्याचे नाकारले, हे महत्त्वाचे.

काय पाहाल?

पुलावरून आजही चालता येते. प्रतिबिंब पाहण्यासाठी वारा पडलेली सकाळची वेळ उत्तम. उद्यानामागील टेकडीवर पूर्वी किल्ला होता. आज तेथे दाट वनराई असून कापराचा एक प्राचीन महाकाय वृक्ष आहे. वसंतात फुलणाऱ्या अझेलियासाठीही हे उद्यान प्रसिद्ध आहे. दरवर्षी २५ जुलैला होनम्योच्या काठी हजारो दिवे लावून १९५७ च्या मृतांचे स्मरण केले जाते. पुलाचा इतिहास समजून घ्यायचा तर याहून योग्य दिवस नाही.

कसे जाल?

नागासाकीहून इसाहायाला रेल्वेने अर्ध्या तासाच्या आसपास जाता येते. सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या पश्चिम क्यूशू शिन्कान्सेनचाही येथे थांबा आहे. शिमाबारा रेल्वेचे होन-इसाहाया स्थानक उद्यानापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. उद्यानातून निघताना नदीकाठी अवश्य जावे. पूल ज्या प्रवाहासाठी बांधला, तो प्रवाह पाहिल्याखेरीज ही भेट अपुरीच राहते.