व्यसनमुक्तीचे सरकारी प्रयत्न : फैजपूर व खानदेश

फैजपूर (ता. यावल, जि. जळगाव) कोशांत येते ते काँग्रेसच्या डिसेंबर 1936 च्या अधिवेशनामुळे. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, तर तयारीसाठी राबणाऱ्यांत धनाजी नाना चौधरी आणि साने गुरुजी. दारूबंदीचा ठराव काँग्रेसने 1931 साली कराचीतच केला होता. फैजपूरनंतर लगेच प्रांतिक निवडणुका झाल्या आणि बोलल्याप्रमाणे करून दाखवण्याची पाळी आली. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळातले डॉ. गिल्डर यांनी 1 ऑगस्ट 1939 पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. पण त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

याच सुमारास, 1937-38 मध्ये, पश्चिम खानदेशात तळोद्याच्या बाजूला गुलाम महाराजांनी हजारो आदिवासींना दारू सोडायला लावली. आरतीला एकत्र जमायचे, लहानथोर सगळ्यांना ‘आप’ म्हणायचे, एवढीच त्यांची शिस्त. ना परवाना, ना फौजदार. सोडणाऱ्याला सोबत लागते, हे सरकारी योजनांत यायला पुढे जवळजवळ पन्नास वर्षे गेली.

स्वातंत्र्यानंतरचा भर बंदीवरच राहिला. मुंबई दारूबंदी अधिनियम 1949 चा; राज्यभर संपूर्ण बंदी 6 एप्रिल 1950 पासून. साठच्या व सत्तरच्या दशकांत ती सैल झाली, कायदा मात्र उठला नाही. त्यामुळे कागदोपत्री आजही पिणाऱ्याला परवाना लागतो. तो किती जणांच्या खिशात असतो, हे कोणत्याही परमिट रूमच्या मालकाला विचारावे. दारूचा महसूल गोळा करणारे आणि हातभट्टीवर छापे घालणारे खाते एकच : राज्य उत्पादन शुल्क. उपचार आरोग्य खात्याकडे आणि प्रबोधन सामाजिक न्याय विभागाकडे. राज्याचे व्यसनमुक्ती धोरण 2011 मध्ये जाहीर झाले. गुटख्यावर जुलै 2012 पासून बंदी आहे, पण ती अन्नसुरक्षा कायद्याखाली वर्षावर्षाच्या आदेशाने चालते.

बायकांच्या हाती आलेले खरे हत्यार म्हणजे ‘आडवी बाटली’. 2008 च्या आदेशानुसार गावातील किंवा प्रभागातील 25 टक्के मतदारांनी, अथवा तेवढ्याच टक्के महिला मतदारांनी, सह्यांचे निवेदन दिले की सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन बाटल्या असतात, एक उभी व एक आडवी. आडवीला निम्म्याहून अधिक मते पडली की दुकान बंद. मेख अशी की हे निम्मे यादीतल्या एकूण मतदारांचे धरतात, आलेल्यांचे नव्हे. मजुरीला गेलेली बाई आली नाही तर तिची गैरहजेरी उभ्या बाटलीच्या खात्यात जमा होते. शिवाय मत परवानाधारक दुकानावर असते. सातपुड्याच्या पायथ्याला गूळ, मोहाची फुले आणि नवसागर घालून लागणारी भट्टी त्यात येत नाही, आणि रावेरपलीकडे मध्य प्रदेशाचा वेगळा कायदा सुरू होतो.

उपचाराची बाजू उशिरा उभी राहिली आणि अजून लंगडी आहे. अमली पदार्थविरोधी कायदा 1985 चा. स्वयंसेवी संस्थांच्या व्यसनमुक्ती केंद्रांना केंद्राचे अनुदानही त्याच सुमारास सुरू झाले. पुण्यात ‘मुक्तांगण’ 1986 मध्ये निघाले. केंद्र सरकारने 2019 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत देशात दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांमागे एकालाच कसलाही उपचार मिळाल्याचे आढळले. नशामुक्त भारत अभियान 15 ऑगस्ट 2020 रोजी 272 जिल्ह्यांत सुरू झाले, त्यात शपथा आणि फेऱ्यांचा गाजावाजा अधिक.

रोज पिणाऱ्याने एकदम दारू तोडली की पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, झोप उडते. काहींना फिट येते, भास होतात, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून देवासमोर शपथ घालून घरात कोंडणे धोक्याचे. डॉक्टरांच्या देखरेखीत शामक औषध व बी-1 जीवनसत्त्व देऊन हे दिवस काढतात; समुपदेशन, कुटुंबाची तयारी हे त्यानंतरचे. फैजपूरकराला त्यासाठी सहसा जळगावची वाट धरावी लागते. तिथले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2018 मध्ये सुरू झाले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मध्ये मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्था मानसिक आजारातच धरल्या आहेत. त्यामुळे सरकारी दवाखान्यात हा उपचार मागणे हा रुग्णाचा हक्क आहे. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मदतवाहिनी 14446. मनाच्या तक्रारींसाठी ‘टेलिमानस’ 14416, मराठीतूनही.