मोत्यांच्या पैशावरची शाळा

जेद्दाच्या जुन्या शहरात, अल-बलदमध्ये, अल-फलाह ही शाळा आहे. तिचं स्थापनावर्ष हिजरी 1323. याचं सरळ 1905 करून टाकायची पद्धत आहे. पण हिजरी 1323 हे वर्ष मार्च 1905मध्ये लागलं आणि फेब्रुवारी 1906मध्ये संपलं, तेवढी मोकळीक ठेवलेली बरी. मक्केत निघालेल्या याच नावाच्या दुसऱ्या शाळेचंही तसंच. तिचं हिजरी 1330 म्हणजे बहुतेक सगळं 1912. मात्र ते 1911च्या डिसेंबरातच सुरू झालं होतं, म्हणून 1911 लिहिणाऱ्याला एकदम चूक ठरवता येत नाही. सनावळीची ही किचकिच वाचकाला कंटाळवाणी वाटेल, पण शाळेमागच्या देणगीचा माग काढायचा तर पहिला धागा हाच आहे. कोणत्या साली कोणत्या गावात शाळा निघाली आणि त्या साली देणारा कुठे व्यापार करत होता, हे जुळवून पाहावं लागतं.

देणारा होता मुहम्मद अली झैनल अलीरझा. अलीरझा हे जेद्दातलं बडं व्यापारी घराणं. शाळा काढली तेव्हा त्याचं वय विशीच्या थोडं पुढे. जेद्दा तेव्हा तुर्की अमलाखाली होतं आणि सरकारी शाळांची भाषा तुर्की होती. अरबीतून शिकवणारी शाळा गावातल्या व्यापाऱ्यांना हवी होती. स्थापनेत त्याच्याबरोबर अब्दुल रऊफ जमजूम या दुसऱ्या व्यापाऱ्याचं नाव येतं. हे नाव महत्त्वाचं, कारण पुढे मुहम्मद अलीचा बराचसा काळ परदेशात गेला.

सुरुवातीच्या पैशाबद्दल चरित्रकार एक गोष्ट आवर्जून सांगतात: पत्नीनं आपले दागिने शाळेसाठी दिले. गोष्ट खोटी म्हणायचं कारण नाही. आपल्याकडेही संस्थांच्या इतिहासात मंगळसूत्रं नि पाटल्या येतातच. पण ही आठवण आहे, हिशेब नव्हे. दागिन्यांवर शाळा उघडता येते. मास्तरांचा पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो. तो कुठून येत होता?

त्याचं उत्तर मुंबईत सापडतं. मुहम्मद अली मोत्यांचा व्यापारी झाला. आखाती समुद्रातले मोती मुंबईला येत, इथे त्यांची प्रतवारी होई, भोकं पाडली जात आणि माल पॅरिस-लंडनकडे जाई. आखातातला हा व्यवहार रुपयांत चाले. आता शाळांची यादी समोर ठेवू. जेद्दा आणि मक्का झाल्यावर 1920च्या दशकाच्या उत्तरार्धात दुबई, आणि 1930च्या सुमारास थेट मुंबई. दुबई हे पाणबुड्यांचं गाव, मुंबई ही पेठ. शाळा मोत्यांच्या वाटेनं पसरल्या, असं म्हणायला हे पुरेसं आहे. नकाशा धर्मप्रसाराचा वाटला तरी त्याखाली पेढीचा नकाशा दिसतो.

या अवधीत हिजाजमध्ये, म्हणजे मक्का-जेद्दाच्या मुलखात, तीन राजवटी झाल्या. तुर्क गेले, 1916मध्ये शरीफ हुसेन आले, आणि डिसेंबर 1925मध्ये वेढा पडलेलं जेद्दा इब्न सौदच्या हाती आलं. शहर सोपवण्याच्या वाटाघाटींत अलीरझा घराण्यातलाच हाजी अब्दुल्ला होता. तो जेद्दाचा कैमकाम, म्हणजे शहराचा मुख्य कारभारी. राजवटी बदलल्या तरी शाळा टिकली, कारण ती कुठल्याच खजिन्यावर अवलंबून नव्हती. तिला धक्का बसला तो बाजारातून.

जपानात मिकिमोतोचा मोत्यांच्या शेतीचा प्रयोग 1893मध्ये साधला होता. 1920च्या दशकाच्या सुरुवातीला शेतीतले गोल मोती युरोपात विकले जाऊ लागले. त्यावर 1929ची मंदी आली. आखाती मोत्याचा भाव कोसळला आणि कुवेतपासून दुबईपर्यंतची बंदरं बसली. मुहम्मद अलीची पेढी यातून सुटली नाही, आणि पेढी आटली तशा शाळाही अडचणीत आल्या. नंतर हा भार इतर व्यापाऱ्यांवर आणि सरकारी मदतीवर गेला. माझ्या मते शाळेचं खरं विश्वस्तपण इथून सुरू झालं. त्याआधी एका माणसाचा नफा हाच तिचा निधी होता.

याच काळातली आपल्याकडची एक देणगी शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहे. 1920मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला 15 लाख रुपये देऊ केले. विद्यापीठाला आईचं नाव द्यायचं, आणि मूळ रकमेवर वर्षाला 52,500 रुपये मिळायचे, म्हणजे साडेतीन टक्के. अटी लेखी होत्या. पुढे त्यांवरून वाद झाला आणि पैसे अडलेही. पण भांडायला कागद होता, म्हणून तडजोडीलाही कागद मिळाला. ठाकरसींचा दानपत्राचा आग्रह काहींना व्यापारी खाक्याचा वाटतो. मला तो संस्थेवरचा उपकार वाटतो. मुहम्मद अलीचा हात अधिक सढळ होता यात शंका नाही, पण सढळ हाताला बाजारभाव लागू होतो.

मुहम्मद अली 1969मध्ये मुंबईत वारला. ज्या शहरात त्यानं कमावलं, तिथेच. त्याच्याविषयीचं बहुतेक लेखन अरबीत आहे आणि ते सौजन्याचं, म्हणजे दातृत्वाचं कौतुक करणारं आहे. पगार, भाडं, पुस्तकांचा खर्च, हुंड्या यांचा दुसरा पुरावा असेल तर तो मुंबईतल्या मोती-व्यापाऱ्यांच्या बहीखात्यांत असण्याचा संभव जास्त. धनजी स्ट्रीट आणि झवेरी बाजाराच्या परिसरातल्या ज्या घरांत 1910 ते 1940च्या जुन्या वह्या माळ्यावर पडल्या असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. आधी जवळच्या ग्रंथालयाला किंवा अभिलेखागाराला दाखवाव्यात. लिपी कुठलीही असो, अरबी नावांच्या जमाखर्चाची पानं निघाली तर ती वेगळी ठेवावीत.