पंचवीस ओहम

१९९७ साली नाशिकच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी लॅब असिस्टंट म्हणून रुजू झाले. पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांनी माझ्या हातात मल्टिमीटर दिला. लॅबमधली वीस मशीन एकाच काळ्या कोअॅक्सियल केबलवर माळेतल्या मण्यांसारखी ओवलेली होती. प्रत्येक मशीनच्या मागे एक टी कनेक्टर, आणि केबलच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचा एकेक टर्मिनेटर. टोक उघडं राहिलं की सिग्नल तिथे आपटून मागे फिरायचा आणि अख्ख्या लॅबचं नेटवर्क बसायचं. कुणाचा पाय लागून केबल निसटली तरी तीच गत.

मग शोध सुरू व्हायचा. कार्डावरून टी सोडवायची, मल्टिमीटरचं एक टोक आतल्या पिनेला आणि दुसरं बाहेरच्या कड्याला लावायचं. २५ ओहम दिसले की जीव भांड्यात पडायचा. ५० चे दोन रोध समांतर जोडले की २५ होतात, म्हणजे दोन्ही टोकं शाबूत आहेत. ५० दिसले तर एका बाजूची वाट तुटलेली. मग पुढची टी, मग त्याच्या पुढची.

आज मी होस्ट सर्व्हरवर व्हर्च्युअल नेटवर्क उभी करते आणि नव्या मुलांना शिकवते. एका सर्व्हरच्या पोटात तीसेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, त्यांच्यामध्ये चार-पाच नेटवर्कं, आणि मागे बघायला गेलं तर केबल दोनच. मुलं कमांड पाठ करून येतात. मी त्यांना आधी तारेची गोष्ट सांगते, कारण तार दिसेनाशी झाली तरी तिचे नियम त्या सर्व्हरच्या आत जसेच्या तसे नांदत आहेत.

गोष्ट सुरू होते ती कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात. २२ मे १९७३ रोजी बॉब मेटकाफ यांनी एका टिपणात नव्या नेटवर्कची कल्पना मांडली. डेव्हिड बॉग्ज यांच्या साथीनं त्यांनी ती उभीही केली. तिला नाव दिलं ईथरनेट. प्रकाश ज्यातून वाहतो असं एकोणिसाव्या शतकातले शास्त्रज्ञ मानत, त्या न दिसणाऱ्या ‘ईथर’वरून हे नाव आलं. प्रत्यक्षात मात्र ते माध्यम म्हणजे एक जाड केबल होती आणि सगळी मशीन तिच्यावरच बोलत.

केबलला लांबीची मर्यादा असते. आमच्या पातळ केबलचा एक तुकडा १८५ मीटरपर्यंत चाले आणि त्यावर ३० जोडण्या बसत. दोन तुकडे सांधायला ब्रिज आला. हे यंत्र कुठलं मशीन कुठल्या बाजूला आहे ते ऐकून ऐकून शिकतं आणि पलीकडचं असेल तेवढंच पलीकडे सोडतं. पण दोन तुकड्यांमध्ये चुकून दोन ब्रिज बसले तर तोच निरोप गोल गोल फिरत राहतो, कारण ईथरनेटच्या निरोपाला आयुष्याची मर्यादाच नाही. १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करणाऱ्या रेडिया पर्लमन यांनी यावर उपाय काढला. ब्रिजनी आपसांत बोलून जास्तीच्या वाटा स्वतःच बंद करायच्या आणि उरेल ते झाड वापरायचं. हाच स्पॅनिंग ट्री. नवी जोडणी आली की ब्रिज ती लगेच खुली करत नाही. आधी १५ सेकंद ऐकतो, पुढची १५ सेकंद शिकतो, मग वाट सोडतो.

मशीनच्या पोटात मशीन ही कल्पनाही जुनीच. आयबीएमचं व्हीएम/३७० हे १९७२ सालचं. त्यात एका व्हर्च्युअल मशीनला दुसऱ्याकडे फाइल धाडायची तर आपल्या व्हर्च्युअल कार्ड-पंचमधून पाठवायची, आणि ती समोरच्याच्या व्हर्च्युअल कार्ड-रीडरमध्ये जाऊन पडायची. कागदाचं एकही कार्ड हलत नसे, पण रीत मात्र कार्डांचीच. मला हे फार मोलाचं वाटतं. नवं यंत्र आलं तरी माणसानं ओळखीची वाट मोडली नाही.

साध्या पीसीवर हे आणलं व्हीएमवेअरनं, १९९९ मध्ये. नेटवर्क जोडायच्या तीन तऱ्हा त्यात रूढ झाल्या, त्याच आज सगळीकडे दिसतात. ब्रिज्ड म्हणजे व्हीएम थेट बाहेरच्या नेटवर्कवर, शेजारच्या मशीनसारखं. होस्ट-ओन्ली म्हणजे फक्त घरातल्या घरात. आणि नॅट म्हणजे सगळ्यांनी होस्टच्या एकाच पत्त्यावरून बाहेर पडायचं. लिनक्समध्ये सन २००० च्या सुमारास लेनर्ट ब्यूटेनहेक यांनी ब्रिज कर्नलमध्ये लिहिला, फेब्रुवारी २००७ मध्ये केव्हीएम कर्नलमध्ये आलं, आणि व्हीएम चालवणं आमच्यासारख्या कमी बजेटच्या संस्थांच्या आवाक्यात आलं. व्हीएम सांभाळणारं लिबव्हर्ट बसवलं की ‘डिफॉल्ट’ नावाचं नॅट नेटवर्क तयारच मिळतं. त्याचा पत्ता १९२.१६८.१२२.०, आणि होस्ट स्वतः १९२.१६८.१२२.१ वर दारात उभा.

बाहेरच्यांनी व्हीएमपर्यंत पोहोचायचं असेल तर मात्र ब्रिज बांधावा लागतो. २००९ साली एका रविवारी संध्याकाळी मी घरून सर्व्हरला लॉगिन करून तो बांधायला घेतला. सर्व्हरचं नेटवर्क कार्ड, म्हणजे ईटीएच-झिरो, नव्या बीआर-झिरो ब्रिजला जोडलं आणि एंटर दाबलं. स्क्रीन गोठली. कार्ड ब्रिजला जोडलं की ते नुसतं एक पोर्ट उरतं, आणि आयपी पत्ता ब्रिजवर न्यावा लागतो. माझा पत्ता कार्डावरच राहिला होता. ज्या फांदीवर बसले तीच मी कापली. रात्री साडेनऊला वॉचमनकडून किल्ली घेऊन सर्व्हर रूम उघडली. तेव्हापासूनचा शिरस्ता असा: कार्डाची आणि ब्रिजची फाइल दोन्ही आधी पूर्ण लिहायच्या, ‘अ‍ॅट’ कमांडनं पाच मिनिटांनी जुनं सेटिंग परत येईल अशी सोय करायची, आणि मगच बदल लागू करायचा. सगळं नीट झालं की ती सोय रद्द करायची.

काही महिन्यांनी दुसरी अडचण आली. नेटवर्कवरून बूट होणारं एक व्हीएम पत्ता मागायचं, उत्तर मिळायचं नाही आणि ते हात टेकायचं. हातानं पुन्हा बूट केलं की कधी चालायचं, कधी नाही. दोन दिवस गेले. शेवटी उमगलं की ब्रिजवर स्पॅनिंग ट्री चालू होता. व्हीएम सुरू होताच त्याचं पोर्ट ब्रिजला जोडलं जाई आणि ब्रिज शिस्तीत तीस सेकंद थांबे. तोवर व्हीएमचा धीर सुटलेला असे. त्या होस्टवर ब्रिजला बाहेरची वाट एकच होती, गोल फिरण्याचा धोका नव्हता. म्हणून थांबण्याची वेळ शून्य केली. १९८५ चा एक नियम, खऱ्या केबलींसाठी केलेला, माझ्या सर्व्हरमध्ये इमानानं पाळला जात होता.

पुढचा प्रवास झपाट्यानं झाला. एकाच तारेवर वेगवेगळी नेटवर्कं वेगळी ठेवायला १९९८ मध्ये व्हीलॅनचं मानक आलं होतं. त्यातल्या खुणेला १२ बिट, म्हणून वापरता येण्याजोगी नेटवर्कं ४,०९४. क्लाउडवाल्यांना ती अपुरी पडली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हीएक्सलॅननं २४ बिट घेतले, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून जास्त. निरोपाच्या लिफाफ्यात निरोप घालून दूरच्या दोन सर्व्हरमधली व्हीएम एकाच तारेवर असल्यासारखी बोलू लागली.

गेल्या महिन्यात एक विद्यार्थिनी म्हणाली, “मॅडम, सगळी कॉन्फिगरेशन बरोबर आहे, तरी पिंग जात नाही.” मी तिला कमांड सांगितली नाही. कागदावर रेघ ओढायला लावली: व्हीएमचं कार्ड, त्याचं होस्टमधलं टोक व्हीनेट-झिरो, मग ब्रिज, मग सर्व्हरचं खरं कार्ड, मग भिंतीवरचा स्विच. एकेका ठिकाणी, जाणारे-येणारे निरोप दाखवणारं टीसीपीडंप लावून ती बघत गेली. व्हीनेट-झिरोवर निरोप दिसला. ब्रिजवर दिसला. खऱ्या कार्डावरून व्हीलॅनची खूण लावून बाहेर पडतानाही दिसला, पण परत काहीच येत नव्हतं. म्हणजे तुटलेली जागा पुढे होती. भिंतीवरच्या स्विचच्या त्या पोर्टला तो व्हीलॅन दिलेलाच नव्हता. दिल्यावर पिंग सुरू झालं.

तिनं विचारलं, ही पद्धत कुठल्या पुस्तकात आहे. मी ड्रॉवर उघडला. त्यात अजून एक टी कनेक्टर आणि दोन टर्मिनेटर आहेत. ते जोडून मल्टिमीटर तिच्या हातात दिला. काटा हलला आणि तिनं आकडा वाचला, “पंचवीस.” मग एक टर्मिनेटर काढायला सांगितला आणि पुन्हा मोजायला लावलं.