‘नुकसानभरपाई, असल्यास’ : साथीत बुडालेल्या धंद्याचा इतिहास

१/
२२ मार्च २०२०च्या मध्यरात्रीनंतर मुंबईची उपनगरी लोकल थांबली. वसईच्या खाडीच्या उत्तर तीरावरील नायगाव (वसई तालुक्यातले, दादरजवळचे नव्हे) हे याच लोहमार्गाच्या आधाराने वाढलेले गाव. स्थानकाबाहेरच्या दुकानांना ना आग लागली, ना त्यांत पाणी शिरले; तरीही गल्ला रिकामा राहिला. हे नुकसान कोणी सोसायचे? मुंबई परिसरात हा प्रश्न पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो १८९६ साली.

२/
सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात, गोदीलगतच्या धान्यगोदामांच्या वस्तीत, डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगास यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. १८९१च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ८ लाख २० हजार होती. १८९७च्या आरंभी त्यांपैकी निम्म्याच्या आसपास माणसे शहर सोडून गेली होती.

३/
साथ माणसांना मारते, तशी ती बाजारही ओस पाडते. गिऱ्हाईक गावी गेले, हमाल गेले, गिरण्यांतले हातही गेले. परदेशी बंदरांनी मुंबईहून येणाऱ्या जहाजांवर निर्बंध घातले. १८९७च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हेनिस येथे प्लेगवर आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. मुंबईचा रोग आता युरोपच्या व्यापाराचाही प्रश्न झाला होता.

४/
या पडझडीत एक उलटी घटना घडली. एरवी गिरणी कामगारांचा पगार महिन्याचा आणि तोही थकवून दिला जाई. प्लेगच्या दिवसांत माणसेच मिळेनात, तेव्हा मागे राहिलेल्यांनी रोजच्या रोज मजुरी मागितली आणि मालकांना ती द्यावी लागली. रस्त्याच्या कोपऱ्यावर मजुरांसाठी गिरण्यांचे प्रतिनिधी चढाओढ करू लागले. नुकसान कोणाच्या माथी बसेल, हे त्या काळी कायद्याने ठरले नाही. ज्याचा हात वर, त्याने ते ठरवले.

५/
४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. अवघ्या चार कलमांचा. दुसऱ्या कलमाने सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार दिले आणि होणारा खर्च कोणी व कसा भागवायचा, हेही ठरवण्याची मुभा दिली. तेथेच कंसात एक छोटा उल्लेख आहे, त्याचा आशय असा : नुकसानभरपाई, असल्यास, तीही त्यात धरून. चौथ्या कलमाने सद्हेतूने केलेल्या कृतीबद्दल दावा लावण्यास मनाई केली. म्हणजे भरपाई हा व्यापाऱ्याचा हक्क नव्हता; ती सरकारच्या मर्जीची बाब होती.

६/
मग विमा? विमा मुंबईला अपरिचित नव्हता. गोदामांना आगीचा आणि जहाजी मालाला सागरी विमा होता. १८७४ साली स्थापन झालेली ‘ओरिएंटल’ आयुर्विमा विकत होती. जळलेल्या मालाची किंमत मिळे, पण ‘न झालेल्या विक्री’ची किंमत कशी मोजायची? ग्लासगोच्या लुडोविक मान यांनी १८९९च्या सुमारास तिची सांगड उलाढालीशी घातली आणि नफ्याच्या विम्याला आजचे रूप येऊ लागले.

७/
हिशेब उदाहरणाने पाहा. गतवर्षी त्याच तीन महिन्यांत विक्री ३ लाख, यंदा ५० हजार. घट अडीच लाख. ढोबळ नफ्याचे प्रमाण ३० टक्के असेल, तर नुकसान ७५ हजार. गणित सोपे आहे. मात्र पहिली अट कडक होती : धंदा थांबला तो आगीसारख्या विमाकृत संकटाने मालमत्तेची प्रत्यक्ष हानी झाल्यामुळेच. रोगाने तर भिंतीला तडाही जात नाही.

८/
या अटीमागे विम्याचे मूळ तत्त्व आहे. आग एका गल्लीत लागते, इतर हजार गल्ल्यांचा हप्ता तिची भरपाई करतो. साथ हजारही गल्ल्या एकाच दिवशी बंद करते. मग भरायचे कोणी?

९/
१३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्राने तोच १८९७चा कायदा लागू केला. राज्यात केशकर्तनालये २८ जूनला उघडू लागली. उपाहारगृहांत बसून जेवण्यासाठी ५ ऑक्टोबर उजाडला. नायगाव परिसरात दूरचित्रवाणी मालिकांचे सेट आहेत. चित्रीकरण २०२०त थांबले आणि एप्रिल २०२१च्या निर्बंधांत पुन्हा थांबले. अनेक मालिकांनी तेव्हा गोवा, हैदराबादची वाट धरली. स्थानिक चहावाला, सुतार, रिक्षावाला यांना ती वाट नव्हती.

१०/
ब्रिटनमध्ये हाच वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. तेथील काही पॉलिसींत मालमत्तेच्या हानीची अट नव्हती; दुकानापासून ठरावीक अंतरात, उदाहरणार्थ २५ मैलांत, नोंदणीयोग्य रोग आढळला तरी पुरे होते. कंपन्या म्हणाल्या : तुमच्या भागात रुग्ण नसते, तरी टाळेबंदी देशभर आलीच असती. १५ जानेवारी २०२१ रोजी न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला : टाळेबंदीमागे प्रत्येक रुग्ण सारखाच कारणीभूत. सुमारे ३ लाख ७० हजार विमाधारकांशी निगडित असा हा निकाल बहुतांशी त्यांच्या बाजूने लागला.

११/
भारतात मात्र नफ्याचा विमा सहसा आगीच्या पॉलिसीला जोडलेला असतो, त्यामुळे दाव्याचे दार उंबऱ्यावरच बंद होते. १ एप्रिल २०२१पासून छोट्या उद्योगांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आली. तिच्यात आग, वादळ, पूर, दंगल आहेत. साथीमुळे आलेली बंदी नाही. विमा नियामकाच्या अभ्यासगटाने २०२०मध्ये साथीच्या जोखमीसाठी सामाईक निधीची शिफारस केली होती.

१२/
शासनाची मदत आली ती मुख्यतः कर्जाच्या रूपाने : मार्च २०२०पासून हप्त्यांना स्थगिती, मे महिन्यात लघुउद्योगांसाठी ३ लाख कोटींच्या हमीकर्जाची योजना. पण स्थगितीच्या काळातही व्याज चढतच होते आणि हमीचे कर्जही फेडायचेच असते. बुडालेल्या महिन्यांचा बोजा पुढच्या वर्षांवर ढकलला गेला, इतकेच.

१३/
२०२०मध्ये साथरोग कायद्यात दुरुस्तीही झाली. आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यांकडून भरपाई वसूल करण्याची स्पष्ट तरतूद तीत आली, आणि ती रास्तच होती. म्हणजे भरपाईचा नियम नेमक्या शब्दांत लिहिता येतो. आदेशाने बंद ठेवलेल्या दुकानासाठी तो कोणी लिहिला नाही. १८९७ साली मांडवीच्या व्यापाऱ्याला दाखवता आला असता तो कंसातला उल्लेख. २०२० साली नायगावच्या दुकानदारापुढेही तोच होता.