खाण तशी माती : ‘जातिवंत’ पिलाचा शोध

‘जातिवंत’ हे विशेषण मराठीत घोड्याला, बैलाला, कुत्र्याला आणि कलावंतालाही लागते. कलावंताच्या बाबतीत आपण त्याची कला पाहतो. कुत्र्याच्या बाबतीत मात्र हल्ली कागद पाहतो. बीडमधल्या एखाद्या कुटुंबाने पूडलचे पिलू आणायचे ठरवले, तर त्याच्यापुढे पहिला प्रश्न वंशावळीच्या प्रमाणपत्राचा उभा राहतो. हा कागद नव्हता तेव्हा जात कशी ओळखत असतील, याचा इतिहास आपल्याच परिसरात सापडतो.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ (११२९) साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे तो त्यातल्या प्राचीन मराठी पद्यपंक्तींमुळे. आजचा बीड जिल्हा तेव्हा याच राजवटीत होता. या ग्रंथात ‘सारमेयविनोद’ नावाचे एक प्रकरण कुत्र्यांना वाहिलेले आहे. सारमेय म्हणजे सरमेचे अपत्य. ऋग्वेदात इंद्राची दूती म्हणून येणारी सरमा ही देवांची कुत्री. कुत्र्याला संस्कृताने दिलेले हे नाव आईवरून आलेले आहे, ही गोष्ट आम्हांला अर्थपूर्ण वाटते.

लोकपरंपरेत कुत्र्याचे स्थान याहून जिव्हाळ्याचे. बीड शहरालगतच्या टेकडीवर खंडोबाचे जुने मंदिर आहे. खंडोबाच्या सोबतीला कुत्रा असतो आणि त्याचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे मानतात. मराठवाड्यात आणि उत्तर कर्नाटकात आढळणारा कारवानी हा शिकारी कुत्रा: सडपातळ, खोल छातीचा, लांब पायांचा. तो काफिल्यांबरोबर आला, असे नावावरून मानले जाते. नोंदवही नसलेल्या जगात त्याच्या पिलाची परीक्षा आईबापांच्या धावेवरून आणि दमसासावरूनच होणार. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी याच कुळातल्या कुत्र्यांची जोपासना केली. पुढे नोंदी सुरू झाल्या, तेव्हा एका संस्थेने त्याला ‘कॅरव्हान हाउंड’ म्हटले, दुसरीने ‘मुधोळ हाउंड’. भारतीय टपाल खात्याच्या २००५ च्या तिकिटावर ‘मुधोळ हाउंड’ हेच नाव आले. कागदावर नाव दोनदा बदलले. कुत्रा होता तसाच राहिला.

पूडलची कथा याच्या उलट दिशेने गेली. त्याचे नाव पाण्यात डुंबण्याच्या अर्थाच्या जर्मन शब्दावरून आले. पाण्यात पडलेले पाखरू आणणे हे त्याचे मूळ काम. पोहताना अंगावरच्या लोकरीचे ओझे होऊ नये आणि सांध्यांना ऊबही राहावी म्हणून ती विशिष्ट ठिकाणी कातरत. आज शोभेची वाटणारी ती कातरणी कामातून जन्मली. १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला. वंशावळींच्या नोंदवह्या आणि प्रदर्शने यांतून रूपाला किंमत आली. मोजक्या कुळांतच संकर होत राहिला की रूप स्थिर होते, पण त्याबरोबर दोषही स्थिर होतात. पूडलमध्ये दृष्टिपटलाचा क्रमशः होणारा ऱ्हास, मोठ्या आकारात खुब्याचे विकार आणि लहान आकारात गुडघ्याची वाटी सरकणे हे असे वारसे आहेत.

म्हणून पिलू निवडताना ‘खाण तशी माती’ ही म्हण अक्षरशः घ्यावी. आई समोर पाहावी. ती भित्री वा चिडकी असेल, तर प्रमाणपत्र कितीही भारदस्त असले तरी परतावे. आईबापांच्या डोळ्यांच्या व सांध्यांच्या तपासण्या मागाव्यात. पिलाचे डोळे स्वच्छ, हिरड्या गुलाबी आणि चाल मोकळी असावी. लसीकरण व जंतनाशक यांची नोंद असावी. पूडलचे केस सतत वाढतात. विंचरणे आणि कातरणे आयुष्यभराचे, हेही आधीच ध्यानात घ्यावे. २०१७ च्या श्वान प्रजनन व विपणन नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिलू विकता येत नाही. एवढा काळ आईपाशी राहिलेले पिलूच चावण्याची मर्यादा आणि इतरांशी वागणे शिकते.

डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातील लऊळ गावाचे नाव जगभर गाजले. वानरे कुत्र्यांची पिले उचलून झाडांवर, छतांवर नेत होती आणि त्यांतली कित्येक मेली. आकड्यांविषयी वाद राहिला. वनविभागाने दोन वानरे पकडून नेली. वानरांच्या ‘सूडा’च्या बातम्यांवर जग हसले. पण ती पिले आईपासून तुटून भुकेने वा पडून मेली, हे त्या हसण्यात हरवले. त्यांच्याजवळ कुठलाही कागद नव्हता. सरमेची अपत्ये मात्र तीही होतीच, आणि पिलाला आई किती हवी असते याचा पुरावा त्यांच्याइतका ठळक कोणत्याही वंशावळीत मिळणार नाही.