कुराणाची संथा: कोकणातल्या मदरशापासून हॅरोतल्या पडद्यापर्यंत



लंडनच्या महाराष्ट्र मंडळात नवीन कोणाशी ओळख झाली की मला दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "तुमच्या घरी मराठी कसं काय?" आणि दुसरा, "मग मुलांना कुराण कोण शिकवतं?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. आम्ही रायगड-रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, घरची बोली पिढ्यान्‌पिढ्या कोकणी मराठीच. दुसऱ्याचं उत्तर खरं तर एका शब्दात देता येईल: संगणकावर. पण त्या एका शब्दामागे हजारेक वर्षांचा इतिहास आहे, आणि एक काळजीही आहे, जी बहुधा तुमचीही असेल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. लहान मुलाने कुराण शिकणं म्हणजे अर्थ शिकणं नव्हे. आधी ते म्हणायला शिकायचं. कुराण या शब्दाचाच अर्थ पठण. तुमच्यापैकी ज्यांनी मुंजीनंतर गुरुजींकडे संथा घेतली असेल त्यांना जास्त सांगायला नको. गुरुजी म्हणणार, आपण मागून म्हणायचं, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की तिथेच थांबायचं. आमच्याकडे संथेला सबक म्हणतात. सुरुवात 'कायदा' नावाच्या छोट्या पुस्तकापासून होते, ती आमची अंकलिपी. मग ३० पारे, ११४ सुरा. बघून वाचणं म्हणजे नाझरा आणि सगळं तोंडपाठ करणं म्हणजे हिफ्ज.

अडचण असते ती जिभेची. आपण ज्याला नुसतं 'स' म्हणू अशी अरबीत तीन अक्षरं आहेत, आणि 'ज-झ'च्या आसपासची चार. घशातून खोल काढलेल्या 'क'ने 'कल्ब' म्हटलं तर हृदय, साध्या 'क'ने म्हटलं तर कुत्रा! हा फरक पुस्तकातून कळत नाही. त्याला कान लागतो, आणि तोही शिक्षकाचा. इथे वाढलेल्या मुलांकडून 'ळ' म्हणवून घेणाऱ्या आईबापांना हे लगेच पटेल. :-)

म्हणून ही विद्या नेहमी माणसाबरोबर प्रवास करत आली. आपल्या किनाऱ्यावर ती जहाजांतून आली. अल-मसूदी हा अरब प्रवासी इ.स. ९१६ च्या सुमारास चौलला आला, तेव्हा तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत असल्याचं त्याने लिहून ठेवलंय: सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले व्यापारी आणि इथेच जन्मलेली त्यांची मुलं. पुढे माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२-१४३१) झाले. हो, तेच, ज्यांच्या दर्ग्यावर डिसेंबरच्या जत्रेत मुंबई पोलिसांची मानाची चादर चढते. ते मूळ कोकणी मुसलमान समाजातले, आणि त्यांनी कुराणावर भाष्य लिहिलं. भारतात लिहिल्या गेलेल्या सुरुवातीच्या भाष्यांत त्याची गणना होते. ज्ञानेश्वरीनंतर शतकभराने झालेलं हे काम. फरक एवढाच, की ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत आणला आणि माहिमींचं भाष्य अरबीत राहिलं. हा फरक लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

गावाकडे पद्धत साधी होती. मूल चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की 'बिस्मिल्ला' करायची, आणि मग रोज सकाळी शाळेआधी किंवा संध्याकाळी मशिदीतल्या मदरशात पाठवायचं. लाकडी रिहालवर कायदा ठेवून मुलं डोलत डोलत म्हणायची. पुरुष माणसं जहाजावर, मुंबईला, पूर्व आफ्रिकेत, नंतर आखातात. त्यामुळे सबक घेतलाय की नाही हे बघायचं काम आई आणि आजीचं. माणसं परगावी गेली तरी गावातला उस्ताद जागेवर असायचा.

विलायतेत आल्यावर ते जुळवून घ्यावं लागलं. इथली पहिली खास मशीद म्हणून बांधलेली इमारत वोकिंगची, १८८९ सालची. १९६० नंतर आपल्या उपखंडातली आणि पूर्व आफ्रिकेतली कुटुंबं मोठ्या संख्येने आली, तसे गल्लोगल्ली मशिदींत शाळा सुटल्यानंतरचे वर्ग सुरू झाले. आठवड्याचे चार-पाच दिवस, साधारण पाच ते सात. हॅरोतही स्टेशन रोडवर सेंट्रल मशीद आहे. २०२१ च्या जनगणनेत हॅरोची लोकसंख्या सुमारे २,६१,००० होती. त्यात हिंदू २५.८ टक्के, देशातल्या कोणत्याही कौन्सिलपेक्षा जास्त, आणि मुसलमान १५.९ टक्के. म्हणजे दर सहा-सात माणसांत एक.

पण वेळेचं गणित जमत नाही. दोघंही नोकरीला. मेट्रोपॉलिटन लाइनने सिटीतून हॅरोला पोचेपर्यंत सात वाजतात. मुलाला साडेतीनला शाळेतून आणून पाचला मशिदीत सोडायचं कोणी? त्यात डिसेंबरात चारच्या आत मगरिब होते, म्हणजे काळोखात ने-आण.

मग यंत्राची मदत का नाही घेतली? घेतली, बऱ्याच आधीपासून. १९२४ साली कैरोत कुराणाची प्रमाण छापील प्रत निघाली. १९६१ साली महमूद खलील अल-हुसरी या इजिप्शियन कारींचं संपूर्ण पठण ध्वनिमुद्रित झालं, आणि १९६४ पासून कैरोहून फक्त कुराणासाठी रेडिओ केंद्र सुरू झालं. पुढे कॅसेट आल्या, सीडी आल्या. आखातातून सुटीवर येणाऱ्यांच्या बॅगेत कॅसेटचा संच असायचाच. पण कॅसेटची एक मर्यादा होती. ती ऐकवायची, ऐकायची नाही. मुलाचा 'क' चुकला तर कॅसेट थांबत नाही.

म्हणून माझ्या मते खरा बदल २००३ साली स्काइप आल्यावर झाला. प्रथमच यंत्राच्या पलीकडे ऐकणारा माणूस बसला. स्काइप २०२५ च्या मेमध्ये बंद झालं, पण तोवर सवय पक्की झाली होती. २३ मार्च २०२० ला इथे लॉकडाउन लागलं, मशिदींना कुलपं लागली, आणि जे मौलवी 'पडद्यावर कसलं शिकवणार' म्हणत होते तेही पडद्यावर आले. आता हॅरोत संध्याकाळचे पाच वाजले की कराचीत उन्हाळ्यात रात्रीचे नऊ, हिवाळ्यात दहा. तिथले शिक्षक रात्रपाळी करतात आणि इथली मुलं हेडफोन लावून सबक देतात. अर्धा तास, एकास एक. मदरशात वीस मुलांत पाच मिनिटं वाट्याला यायची, त्या मानाने हे चांगलंच म्हणायचं.

दोष आहेतच. नेट अडकलं की स्वर किती मात्रा लांबवला ते समजत नाही. आवाज खराब आला तर 'स' आणि 'थ'सारख्या अक्षरांतला फरक बुजतो. सगळ्यांनी एकसुरात म्हणणं तर शक्यच नाही. आणि इथे मुलांना शिकवणाऱ्याची डीबीएस तपासणी करून घेता येते, परदेशातल्या अनोळखी शिक्षकाचं काय? आमच्याकडे नियम असा: संगणक बैठकीच्या खोलीत, खातं आईबापाच्या नावावर, आणि आमच्यापैकी एकजण घरात. यात अविश्वास नाही, शिस्त आहे.

दुसरा मुद्दा बारीक आहे, पण आमच्यासाठी महत्त्वाचा. आम्ही कोकणी शाफई पंथाचे, उपखंडातले बहुतेक शिक्षक हनफी. कुराण एकच, पण नमाजच्या रीतीत फरक. आम्ही फजरच्या नमाजात कुनूत म्हणतो, हनफी वित्रमध्ये. आमची असर आधी लागते, त्यांची उशिरा (इथल्या अनेक मशिदींच्या वेळापत्रकात दोन्ही वेळा छापतात). छपाईतही फरक. पाकिस्तानातला शिक्षक उपखंडी वळणाच्या लिपीतली प्रत वापरतो, कैरोतला मदिनेची ६०४ पानांची. शिक्षक बदलला की मूल गोंधळतं. म्हणून शिक्षक ठरवताना 'कोणती प्रत, कोणता पंथ' हे आधी विचारून घ्यावं.

आता मुख्य काळजी. ती अर्थाची आणि अर्थाच्या भाषेची.

माझ्या आजीला अरबीचा अर्थ येत नव्हता. पण सबक झाला की ती गोष्ट सांगायची. सुलेमान पैगंबरांच्या फौजेला घाबरून वारुळात शिरा म्हणणारी मुंगी, काबा पाडायला हत्ती घेऊन आलेली फौज आणि तिच्यावर खडे टाकणारे पक्षी, भावांनी विहिरीत टाकलेला युसूफ. सगळं कोकणीत. पुढे गावागावांतल्या मदरशांत समजावण्याची भाषा उर्दू झाली, आणि माझे वडील त्या गोष्टी उर्दूत शिकले. माझी मुलगी त्या इंग्रजीत शिकते. तीन पिढ्यांत अरबी जिथल्या तिथे आहे, एका अक्षराचा फरक नाही. आमची बोली मात्र गळत गेली.

गंमत बघा, ते इंग्रजीही एका परीने हॅरो आणि मुंबईकडूनच आलेलं आहे. मार्माड्यूक पिक्थॉल हा इंग्रज लेखक मुलगा असताना आमच्या टेकडीवरच्या हॅरो स्कूलमध्ये होता, चर्चिलचा समकालीन. १९१७ साली त्याने इस्लाम स्वीकारल्याचं जाहीर केलं. १९२० साली तो मुंबईत 'बॉम्बे क्रॉनिकल'चा संपादक झाला आणि पुढे हैदराबादला निजामाच्या नोकरीत गेला (मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात). १९३० साली त्याचं कुराणाचं इंग्रजी रूपांतर आलं. नावातच त्याने भाषांतर न म्हणता 'अर्थ' म्हटलंय. दुसरे प्रसिद्ध भाषांतरकार अब्दुल्ला युसुफ अली मुंबईच्या विल्सन कॉलेजचे विद्यार्थी. १९५३ साली ते लंडनमध्ये वारले. दोघांच्या कबरी वोकिंगजवळच्या ब्रुकवुडला आहेत.

आणि मराठी? मराठीत कुराणाचे अनुवाद आहेत. विनोबांनी तर मोठेपणी अरबी शिकून, मूळ वाचून 'कुराण-सार' काढलं, १९६२ साली. म्हणजे सामग्रीची कमतरता नाही. कमतरता आहे ती घरात बसून सांगणाऱ्या माणसाची.

तेव्हा आम्ही कामाची वाटणी केली आहे. उच्चार शिक्षकाकडे, पडद्यावर, आठवड्याचे चार दिवस. गोष्ट आमच्याकडे, रविवारी अर्धा तास, कोकणीत. मुलगी मधेच इंग्रजीत विचारते, आम्ही कोकणीत उत्तर देतो. मुंगीच्या गोष्टीत 'वारूळ' शब्द समजावून सांगायला दहा मिनिटं गेली, पण आता तो तिचा झाला आहे. शिक्षक कितीही चांगला असला तरी हे अर्धा तासाचं काम आम्हाला बाहेर देता येणार नाही, असं माझं स्पष्ट मत झालंय.

तुमच्याकडेही रामरक्षा, अथर्वशीर्ष, हरिपाठ आता पडद्यावरच शिकवले जातात, असं ऐकतो. मुलं म्हणतातही छान. त्यांना अर्थ कोण सांगतं, आणि कोणत्या भाषेत? जरूर कळवा, मला खरंच जाणून घ्यायचंय.

आपला,
हॅरोचा एक कोकणी